कालचाच भाव

दुकानात जायचं, भाव विचारायचा आणि काहीही न घेता परत यायचं, हे सुमनताईंना जमत नसे. खरं तर एवढ्या एका गोष्टीवरून कंपनीने त्यांना काढून टाकायला हवं होतं, कारण भाव विचारून परत येण्याचाच त्यांना पगार मिळत होता.

चिखलीत खामगाव रोडला आमचं दुकान आहे. म्हणायला एक लांबलचक पत्र्याची शेड, आत एसी आणि ढकलगाड्या. पण गाव त्याला मॉल म्हणतं, तेव्हा मॉल. दारावर मोठा बोर्ड आहे : 'गावात कुठेही स्वस्त दाखवा, आम्ही त्याहून एक रुपया कमी घेऊ.' हा बोर्ड खोटा पडू नये म्हणून गावातल्या किराणा दुकानांचे भाव रोज कळावे लागतात. ते आणायचं काम सुमनताईंचं, कॉम्प्युटरवर चढवायचं माझं, आणि त्यावरून आमचा भाव ठरवायचं पुण्याच्या ऑफिसचं. पुण्याहून आकडे आले की मी भावाच्या पट्ट्या छापून रॅकना लावत असे. मी नांदुऱ्याचा, इथे खोली करून राहणारा. गावातल्या कुठल्याच दुकानाशी माझं देणंघेणं नव्हतं.

सुमनताई पन्नाशी उलटलेल्या, बुटक्या, चालताना किंचित डावीकडे कलणाऱ्या. डाव्या हातात नायलॉनची पिशवी असे, त्यामुळे तसं होत असावं. पिशवी नसतानाही त्या तशाच चालत. नवरा जीप चालवायचा, त्याची कंबर गेली आणि ताई कामाला लागल्या. वडलांचं किराणा दुकान होतं. लग्न होईपर्यंत त्या तिथे गल्ल्यावर बसलेल्या. मुलाखतीत मॅनेजरने तूरडाळीचे दोन नमुने पुढे ठेवले, तर ताईंनी एकेक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "ही फटका डाळ हाये, साफ केलेली. ही नाही. दोघीईचा भाव एकमेकीले लावू नका." मॅनेजर तसा घाईत होता. त्याने लगेच त्यांना घेतलं.

पुण्याची सूचना अशी होती की भाव काढणाऱ्याने साधं गिऱ्हाईक म्हणून जावं, ओळख देऊ नये. ही सूचना लिहिणारा माणूस चिखलीला कधी आला नसणार. ताई बाजार गल्लीत शिरल्या की पहिल्याच दुकानातून आवाज यायचा, "आली वो मॉलवाली. चहा मांड." त्या बसायच्या, चहा घ्यायच्या, घरातल्यांची विचारपूस करायच्या आणि मग जणू आत्ताच आठवलं असं विचारायच्या, "साखर काय म्हणते?" साखर, तेल, डाळ या त्यांच्या लेखी तब्येतीच्या गोष्टी होत्या. साखर नरम हाये, तेल तेज हाये, हरभरा डाळ दोन दिवसापासून काही बोलत नाही. मी आकडे मागत असे. त्या आधी तब्येत सांगत, मग आकडा.

आणि प्रत्येक दुकानातून त्या काहीतरी घेत. आठ वाजता दुकानं उघडायची वेळ, म्हणजे बोहनीची वेळ. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक भाव विचारून रिकाम्या हाताने गेलं, तर त्या दुकानदाराचा दिवस खराब जातो, हे ताईंच्या डोक्यात पक्कं होतं. त्यामुळे एका दुकानातून पन्नास ग्रॅम मोहरी, दुसऱ्यातून काडीपेटी, तिसऱ्यातून पावशेर पोहे. मॉल उघडायच्या वेळेला पिशवी भरलेली असे. याचे पैसे कंपनी देत नव्हती. मी एकदा म्हटलं, "ताई, पगार यातच जात असेल."

"जाते थोडासा," त्या म्हणाल्या. "मोहरी वाया थोडीच जाते?"

त्यांचे यजमान एकदा डबा द्यायला आले होते. कमरेला पट्टा बांधून स्टुलावर बसले आणि मला म्हणाले, "आमच्या घरी भाजीत मोहरी नाही टाकत बाप्पा. मोहरीत भाजी टाकते."

या घेण्याचा एक फायदाही होता. काही दुकानदार ताईंना चढा भाव सांगत, म्हणजे मॉल आपला भाव खाली आणणार नाही. त्यावर ताई काही बोलत नसत, फक्त वस्तू मागत. एकदा एका दुकानदाराने त्यांना शेंगदाणे दहा रुपये चढवून सांगितले. ताई म्हणाल्या, द्या अर्धा किलो. त्याला सांगितलेल्या भावाने पैसे घ्यावे लागले. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला त्याने कालच दहाने कमी दिले होते, म्हाताऱ्याने तिथेच गोंधळ घातला, "काऊन बे, बाईमाणूस पाहून लुटते का?" दुकानदार बिचारा न इकडचा न तिकडचा. ताईंनी जास्तीचे पैसे परत घेतले नाहीत. मला येऊन खरा भाव सांगितला. म्हाताऱ्याचा.

आमचा धंदा कसा चालतो हे मला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये दोन दिवस समजावलं होतं. ताई एका वाक्यात सांगत : "साखरेचा भाव लोकायले पाठ रायते. जिऱ्याचा कोणाले पाठ हाये?" म्हणजे साखर, तेल, तूरडाळ तोट्यात विकायची, कारण त्यावरून लोक मॉल स्वस्त की महाग ते ठरवतात. आणि त्याच ढकलगाडीत पडणाऱ्या जिरं, वेलची, बिस्किटं, प्लास्टिकच्या बादल्या यांच्यातून भरून काढायचं. हे वाक्य त्या कुणालाही सांगत, गिऱ्हाइकालासुद्धा. मॅनेजर मग त्यांना हळूच आत बोलवत असे.

पुण्याचे साहेब रोज फोन करत. कधी ताईंना फोनवर घेत आणि त्या बोलू लागल्या की हसत. "त्याईनं म्हणजे कुणी?" असं पुन्हा पुन्हा विचारत. ताई तेच वाक्य पुन्हा तसंच बोलत, आवाज न चढवता. भावात काही शंका काढली की त्यांचं एकच उत्तर असे, "मले भाव विचारला, मी भाव सांगतला."

ताईंच्या फेरीत एक दुकान त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. प्रल्हादभाऊंचं. वडलांचंच दुकान, मागे राहतं घर, तेच लाकडी फडताळ, तोच पितळी तराजू. ही गोष्ट लपलेली नव्हती. गावाला माहीत होती, मॅनेजरला माहीत होती, पुण्याला कुणी विचारलं नाही म्हणून सांगितली नव्हती. ताई सगळ्यात आधी तिथे जात. भाऊ त्यांना 'बाई' म्हणत, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. ताईंनी दिलेले पैसे ते तराजूला लावत, मग कपाळाला. मी एकदा मुद्दाम ताईंना विचारलं, भाऊ तुम्हाला खरा भाव सांगतात का?

"बोहनीच्या वेळेले तो खोटं नाही बोलत."

"आणि तुम्ही तोच इथे सांगता?"

"मंग काय दुसराच सांगू?"

त्यात त्यांना काही अडचण दिसत नव्हती. मलाही तेव्हा दिसली नाही. भाऊंचं दुकान त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांवर चाललं होतं, आमचं आमच्या बोर्डावर.

मग दिवाळीच्या तोंडावर प्रल्हादभाऊंनी एक गंमत केली. दुकानाबाहेर पाटी लावली : सोयाबीन तेल, भाव खरेदीच्याही खाली. ताईंनी सकाळी तेलाची पिशवी घेतली, भाव आणला, मी चढवला. बोर्डावर लिहिल्याप्रमाणे पुण्याने त्याहून एक रुपया खाली लावला. दुसऱ्या दिवशी मॉल उघडायच्या आधी दारात रांग. बाजारातले हमाल, चहावाले, शिंपी, प्रल्हादभाऊंची बायको, आणखी दोन किराणा दुकानदारांच्या बायका. सगळ्यांच्या गाड्यांत फक्त तेल. दुपारपर्यंत रॅक रिकामं झालं आणि चिखलीच्या किराणा दुकानांनी दिवाळीचं तेल आमच्याकडून, आमच्याच तोट्यात भरून घेतलं. भाऊंनी स्वतः त्या भावात मोजक्याच पिशव्या विकल्या होत्या.

गावात आठवडाभर हाच विषय. मॅनेजर घाम पुसत ताईंना म्हणाला, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"मले भाव विचारला, मी भाव सांगतला."

त्यांना माहीत होतं की नव्हतं, मी आजही सांगू शकत नाही. त्या दिवशी मात्र त्या हसत होत्या. पिशवीतून चिवड्याचा पुडा काढून सगळ्यांना वाटला. मी त्यांना इतकं खूश पुन्हा पाहिलं नाही.

पुण्याने दोन गोष्टी केल्या. एक, एका माणसाला तेलाच्या दोनच पिशव्या. दुसरी मला मेलवर आली : प्रल्हादभाऊंच्या दुकानात जे जे मिळतं, त्या सगळ्याचा भाव रोज हवा. सगळ्याचा म्हणजे जिऱ्याचासुद्धा. वेलची, हिंग, उदबत्ती, सुतळीसुद्धा. आणि आमचा भाव प्रत्येक वस्तूत त्यांच्या खाली. आमचं जिरं आजवर महाग असे, आता तेही प्रल्हादभाऊंच्या जिऱ्याहून स्वस्त झालं. जिऱ्याचं ते वाक्य ताईंनी त्यानंतर म्हटलं नाही.

त्या रोज जात राहिल्या. मी त्यांना सांगून पाहिलं, की त्या दुकानाची फेरी मी करतो. त्या म्हणाल्या, "तू जाशीन तं रिकाम्या हातानं येशीन." हे बरोबर होतं. मी रिकाम्या हातानेच आलो असतो.

संक्रांतीनंतर त्यांच्या बोलण्यात एक नवं वाक्य आलं. "आज पल्हादकडे बोहनी माहीच, आन् मंग दिवसभर कोणीच नाही." कधी दुसऱ्या दिवशी तेच. भावाच्या दुकानाचे भाव काढायला जाणारी बाई हेच त्या दुकानाचं शेवटचं गिऱ्हाईक उरलं होतं. भाऊ तरी भाव खरे सांगत होते आणि ताई ते आणत होत्या. मी चढवत होतो. पुणे एक रुपया खाली लावत होतं. कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण पट्ट्या छापताना हाताला सवय झालेली असते, आणि मला काही वाटत नव्हतं. हे मी जसं होतं तसं लिहितो आहे.

उन्हाळा लागला तेव्हा भाऊंकडे फक्त साखर राहिली होती, ती त्यांनी चाळीस रुपयांनी काढली. बाजारात चव्वेचाळीस होती. आम्ही एकोणचाळीस लावली. दोन दिवसांनी त्यांच्या दुकानाचं शटर खाली आलं. मला हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं. त्या सकाळी मी ताईंसमोर एकेक दुकानाचं नाव वाचत गेलो आणि त्या आकडे सांगत गेल्या. भाऊंच्या दुकानापाशी मी थांबलो. तिथे काय लिहायचं, म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

"कालचाच," ताई म्हणाल्या.

मी चाळीस चढवले. दुसऱ्या दिवशीही कालचाच. तिसऱ्या दिवशीही. महिना गेला. चिखलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की ते दुकान बंद आहे, पण पुण्याच्या कॉम्प्युटरमध्ये ते चालू होतं आणि गावात सगळ्यात स्वस्त साखर तिथे मिळत होती. त्यामुळे आमची साखर एकोणचाळीसवर अडकून बसली. गाव एकोणचाळीसने साखर नेत होतं.

एकदा जेवताना मी विचारलं, "ताई, शटर बंद असताना भाव कसा काय?"

त्यांनी घास संपवला. "शटर पाडल्यापासून तो खाटीवरून उठत नव्हता. आंघोळ नाही, जेवण नाही, कोणासंग बोलणं नाही. भिताडाकडे तोंड करून पडून राहे. वयनी रडे. मी समजावून पाह्यलं, रागावून पाह्यलं. मंग दुसऱ्या दिवशी मी सकाळी गेली आन् शटरच्या बाहेरूनच म्हटलं, पल्हाद, साखर काय भाव? तं उठला. आंघोळ करून आला. शटर अर्धं वर केलं आन् म्हणे, चाळीस."

"मग?"

"मंग काय. भाव विचारला तं घ्या लागते. वयनीनं सैपाकघरातला डबा आणला. त्यानं पाव किलो तोलून देल्ली. मी दहा रुपये देल्ले."

"रोज?"

"रोज. भाव विचाराले कोणी येते म्हणून तो रोज उठते. खोटा भाव नाही सांगत मी, किशोर. त्या भावानं घेतली म्हणून सांगतो."

"आणि डब्यातली साखर कुठची?"

"आपल्याच मॉलची. एकोणचाळीसवाली."

म्हणजे आमचीच साखर वहिनी इथून एकोणचाळीसने नेत होत्या, भाऊ तीच बहिणीला चाळीसने देत होते, बहीण तो भाव इथे सांगत होती, आणि त्यावरून आम्ही ती पुन्हा एकोणचाळीसने लावत होतो. मी हे मनात एकदा फिरवून पाहिलं. हसायची गोष्ट होती. ताई हसल्या नाहीत, मीही नाही. त्यांनी डबा धुतला आणि त्या उठल्या.

अखेर पुण्याला प्रश्न पडलाच, की चिखलीतच साखरेत एवढा तोटा का. साहेब स्वतः आले. तरुण होते, बोलायला चांगले. यादी पाहिली, चाळीसवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे दुकान मला दाखवा. मी त्यांना मोटरसायकलवर घेऊन गेलो.

काय झालं ते आधी सांगून टाकतो. साहेबांच्या सांगण्यावरून मी ते नाव यादीतून काढलं. खालची नावं एकेक ओळ वर सरकली. दुसऱ्या दिवशी साखर त्रेचाळीस झाली आणि मी पट्टी बदलली. कुणी भांडलं नाही. माहेरी आलं की आमच्याकडे सामान भरणाऱ्या देऊळघाटच्या एक बाई पट्टीपाशी जरा थांबल्या, मग त्यांनी साखर गाडीत टाकली. साहेबांनी ताईंना काढलं नाही. उलट त्यांना पॅकिंगला बसवा असं मॅनेजरला सांगून गेले, उन्हात फिरणं नको. पण ताई त्यानंतर कामावर आल्याच नाहीत. निरोपही पाठवला नाही. सकाळी यादी वाचताना मी एकदोनदा सवयीने थांबलो, एवढंच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, त्या दुकानाच्या पायरीवर.

शटर अर्धं वर होतं. आत फडताळं रिकामी, पण पुसलेली. उदबत्ती लावलेली. प्रल्हादभाऊ आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, इस्त्रीचा शर्ट घालून तराजूमागे उभे होते. ताई पायरीवर चप्पल काढत होत्या. आम्हाला पाहून त्या बाजूला झाल्या. साहेब वाकून शटरखालून आत गेले.

"साखर काय भाव?"

"चाळीस," भाऊ म्हणाले.

"आहे?"

"किती पाह्यजे?"

साहेबांनी फडताळं पाहिली. ते हसले, वाईट नाही हसले. बाहेर येऊन मला म्हणाले, "अहो, हे तर बंद आहे." आणि खिशातून फोन काढला.

"साहेब," ताई म्हणाल्या, "बोहनी व्हायची हाये त्याची. भाव विचारला तुमी. रिकाम्या हातानं नका जाऊ."

"मावशी, मी पुण्याला साखर घेऊन काय करू?" साहेब म्हणाले आणि फोनवर बोलत गाडीकडे गेले. फोनवर ते म्हणत होते की चिखलीतलं एक दुकान आजपासून काढून टाका. गल्ली अरुंद आहे. आत सगळं ऐकू गेलं.

भाऊ तराजूच्या रिकाम्या पारड्याकडे पाहत राहिले. मग त्यांचा हात शटरच्या कडीकडे गेला. तेव्हा मला पहिल्यांदा आपण दहा रुपये काढून द्यावेत असं वाटलं, पण माझा हात खिशाकडे गेला नाही.

ताई आत शिरल्या. त्यांच्यामागे शटर अर्धंच राहिलं.

"पल्हाद, साखर काय भाव?"

भाऊंनी कडी सोडली नाही.

"तुले विचारून राह्यली ना मी. काय भाव?"

"ऐकलं नाही का तू बाई? त्याईनं नाव काढलं. आता कोणाले सांगशीन भाव?"

"कोणालेच नाही. मले पाह्यजे."

कडीवरचा हात खाली आला. मग भाऊ म्हणाले, "चाळीस."

"पाव किलो दे."

वहिनी डबा घेऊन आल्या. भाऊंनी वजन टाकलं, साखर ओतली, काटा मधोमध आल्यावर वर आणखी एक चिमूट टाकली. ताईंनी दहाची नोट दिली. त्यांनी ती तराजूला लावली, मग कपाळाला.

"उद्या कामावर नसशीन तू," भाऊ म्हणाले. "मंग कायले येशीन?"

"साखर लागते ना घरात," ताई म्हणाल्या. "तू आंघोळ करून ठेव."

मी गाडीला किक मारली. साहेब मागे बसले. फाट्यापर्यंत ते फोन पाहत होते, मग त्यांनी विचारलं, त्या मावशी आत कशाला गेल्या होत्या?

"भाव विचारायला," मी म्हणालो.